शंकरप्पाच्या अंगणातले बैल

वडवणी,
पोळ्यानंतरचा चौथा दिवस

प्रिय नंदू,

अक्षर बघून दचकली असशील. मंडपवाल्यांच्या टेम्पोत बसून लोकांची लग्नं सजवत फिरणारी पोरगी माझ्या घरात नको, असं मी म्हणालो आणि तू अंबाजोगाईला निघून गेलीस, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून आपल्यात शब्द नाही. फोन करावा तर माझा आवाज उगाच चढतो, म्हणून लिहितोय. घाबरू नको, तुझी आई ठणठणीत हाय. कापूसही बरा हाय. बिघडलंय ते माझं, आणि त्याला कारण समोरचा शंकरप्पा.

हसू नको. किराणा दुकान पोराच्या हवाली करून तो घरी बसला आणि नवराबायकोला आरास करायचं खूळ लागलं. अंगणातली फरशी उखडून हिरवं गवत लावलंय, लॉन म्हणायचं म्हणे त्याला. गल्लीत टँकरची वाट बघत बाया उभ्या, अन् याचं गवत रोज आंघोळ करतंय! त्या गवतावर दर सणाला नवं काहीतरी. संक्रांतीला माणसाएवढी सुगड्यांची उतरंड. शिवरात्रीला वाळूची पिंड, तिच्यावर खरं पाणी ठिबकतंय. पाडव्याला लिंबाच्या फांदीफांदीला गाठ्या. नागपंचमीला झोका, त्यावर लुगडं नेसलेली चिंध्यांची बाई, वारा सुटला की आपली आपण झोके घेते. अगं, नाताळाला चांदणी टांगली! आपल्या गल्लीत नाताळ कोण करतंय? एक सण उतरला की लगेच दुसऱ्याची तयारी, मधे दम म्हणून घेत नाहीत.

माझ्या अंगाचा तिळपापड होतो, खोटं कावून सांगू. आरास बघावी तर धोंडीरामच्या दारातली, असं अख्खी गल्ली म्हणायची. मी माती मळायचो, तू रंगवायचीस, आठवतं ना? आता लिंबागणेशहून तुझा बिभीषणमामा आला तर आपल्या घरात पाणी प्यायच्या आधी तिकडं फोटो काढत उभा. मग मीही पेटलो. आठवडी बाजारातून प्लॅस्टिकची दोन हरणं आणून दारात उभी केली. तुझी आई म्हणाली, आता एक बिबट्या पण आणा, म्हंजे जंगल खात्याचे लोक येतेत. दुसऱ्याच दिवशी गुपचूप माळ्यावर टाकली.

शंकरप्पा भेटला की विचारायचा, धोंडीरामजी, कसं झालंय? मी म्हणायचो, ठीक हाय. त्यापुढं जीभच रेटायची नाही. पण रोज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचो ते तिकडं तोंड करूनच. कुठं खोट सापडते का बघायचो. सापडायची नाही, मग जास्तच जळायचो.

यंदा पोळ्याला त्यांनी मातीचे नऊ बैल मांडले. झुली, बाशिंगं, गळ्यात घुंगरं, पुढं सनई-डफड्यावाले. लई देखणे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, दुपारी गल्ली सगळी जेवून लवंडलेली. नंदू, वय वर्षं बासष्ट, गावात चार माणसं ज्याला विचारून काम करतात, त्या तुझ्या बापानं आपल्या शेळीचं दावं सोडलं, शंकरप्पाचं फाटक लोटलं आणि शेळी आत हाकलली. मग ओट्यावर येऊन पेपर उघडून बसलो. शेळीनं आधी पोटभर गवत खाल्लं, मग वाजंत्री तुडवली, मग बैल. एकेक फुटत गेला तसं मला आतून गार वाटत गेलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. काम उरकून शेळी आपली आपण घरी आली.

थोड्या वेळानं शंकरप्पाची मल्लम्मा बाहेर आली आणि मटकन खालीच बसली. मला वाटलं, आता नवऱ्याला हाक मारील. तिनं मोबाइल काढून, व्हिडिओ लावून पायरीवर टेकवला आणि रडत म्हणाली, नंदू, सगळं गेलं गं माय, कुठलं मोकाट जनावर शिरलं की! आणि त्या मोबाइलातून तुझा आवाज आला.

तू म्हणालीस, काकू, रडू नका, किती मोडलंय ते फिरवून दाखवा आधी. मग माती किती, भुसा किती, शिंगात काडी कशी घालायची, एकेक सांगत गेलीस. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. संक्रांतीची उतरंड तू. झोक्यावरची बाई तू. दोन वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो ती सगळी माझ्याच पोरीची कला, आणि ज्या कामापायी तुला घरातून घालवलं तेच हे काम. रात्री तुझ्या आईला विचारलं, तुला माहीत होतं का? ती नुसती भाकरी थापत राहिली. म्हणजे तीही सामील.

आणि खरं सांगू? मला आधी शरम नाही वाटली. आधी जळफळाटच झाला. मल्लम्माला तू फोन करतेस, तिच्या रडण्याला धीर देतेस, आणि मी रस्त्याच्या अलीकडं पेपर धरून बसलेला. घर माझं, पोर माझी, आणि आवाज त्यांच्या पायरीवर! दार मीच लावलं होतं हे कळत होतं, तरी जळलो. त्यांच्या गवतावर कधी जळलो नव्हतो तेवढा.

मी उठून आत जाणार, तेवढ्यात तू हळूच विचारलंस, काकू, मोडायच्या आधी अण्णांनी बघितलं होतं का? मल्लम्मा म्हणाली, रोज बघतेत की बाई, चहा गार होस्तोर. तू विचारलंस, मग काय म्हणाले? ती म्हणाली, ठीक हाय म्हणाले. त्यावर तू म्हणालीस, बरं, आता भुसा भिजत घाला.

दिवस मावळायच्या आत मी ओढ्याची माती घेऊन त्यांच्या अंगणात गेलो आणि नऊच्या नऊ बैल पुन्हा करून दिले. मल्लम्माला वाटलं, केवढा शेजारधर्म. तिनं चहा केला, तो तसाच ठेवून मी घरी आलो.

पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी. जनावर मोकाट नव्हतं, मी सोडलं होतं. तुला हे माझ्याच तोंडून कळावं. उद्या सकाळी शंकरप्पालाही सांगणार हाय, मग तो काय बोलायचं ते बोलो. महालक्ष्म्या बसायच्या आत घरी ये. टेम्पोनंच ये, आणि आपल्या दारात लाव, गल्लीला दिसू दे. राग असेल आणि नाही आलीस, तरी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मल्लम्माकडून नको, माझ्याकडून घे. लई सुंदर झालतं, पोरी. दर वेळेला झालतं.

तुझाच,
अण्णा