पाणी कोण आणतं

बाई, तुम्ही गेल्यावर आपली संघटना एकदा खरोखर रस्त्यावर उतरली. तुम्ही असतात तर आधी हसला असतात, कारण परिविक्षा अधिकारी म्हणजे काय हेच पनवेलमधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. पोलीस म्हणावं तर खाकी नाही, वकील म्हणावं तर काळा कोट नाही. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला कोर्ट कधी कधी तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडतं, आणि तो घरी कसा वागतो हे बघायला आपण त्याच्या दारात जात राहतो. एवढंच आपलं काम. माझ्या आईला तर शेवटपर्यंत वाटत होतं की मी कोर्टात टायपिंग करते, आणि मीही नंतर तिला समजावणं सोडून दिलं.

तुमच्याबरोबरची माझी पहिली गृहभेट गव्हाणची. मी फाइल छातीशी धरून, कडक इस्त्रीच्या साडीत, परीक्षेला निघाल्यासारखी चालले होते. तुम्ही मला रस्त्यातच थांबवलंत. "ही फाइल बघून शेजारणी महिनाभर बोलतील. झडती घ्यायला चाललीयस का? पाहुणी म्हणून जायचं." बाजूला भाजी घेऊन बसलेल्या बाईकडून मेथीची जुडी घेतलीत, माझी फाइल तुमच्या कापडी पिशवीत कोंबलीत, वर मेथी ठेवलीत आणि पिशवी माझ्या खांद्याला अडकवलीत. ती पिशवी परत घेतलीच नाहीत. त्या घरात तुम्ही कसलीच चौकशी केली नाहीत, नुसतं पाणी मागितलंत. परतताना मला विचारलंत, काय बघितलंस? मी भिंतीला गेलेली चीर, रिकामी बाटली, बंद पडलेला टीव्ही असं काय काय सांगत सुटले. तुम्ही म्हणालात, "पाणी कोणी आणलं ते बघितलंस का? बायकोने आणलं तर तिचा चेहरा बघ, हात बघ. सासूने आणलं तर सून कुठे आहे ते बघ. आणि पुरुष स्वतःच उठून पाणी आणायला लागला, तर बाई बाहेर येईपर्यंत तिथून हलायचं नाही." मला तेव्हा वाटलं, म्हातारी जरा अतीच करते. रागावू नका, तेव्हा खरंच वाटलं होतं.

संघटनेच्या बैठका तुमच्याच स्वयंपाकघरात व्हायच्या, वडाळे तळ्याजवळच्या घरात. तुम्ही बोंबील तळता तळता ठराव सांगायचात आणि आम्ही जमिनीवर बसून लिहून घ्यायचो. नंतर बैठका हॉलमध्ये व्हायला लागल्या, खुर्च्या आल्या, चहाचे कागदी कप आले. तुमच्या मागे पनवेलची चिटणीस मी झाले. आणि मग ती सुधारणा आली. प्रशासन गतिमान करायचं म्हणून वरून ठरलं की गृहभेटी हळूहळू बंद करायच्या. माणसाने दर सोमवारी ऑफिसात येऊन मशीनवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की त्याची वागणूक समाधानकारक. मशीन ठेकेदाराचं, ते सांभाळणारी मुलं ठेकेदाराची, आणि आपल्यातला जो निवृत्त होईल त्याची जागा रद्द. माणूस बिघडतो घरात आणि अंगठा तपासायचा ऑफिसात, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आम्ही काळ्या फिती लावल्या, निवेदनं दिली, तहसील कचेरीसमोर उन्हात बसलो. येणारे-जाणारे विचारायचे, "तुमचं कशाचं, अंगणवाडीचं काय?"

कुणी दखल घेईना, तेव्हा बहिष्काराचा ठराव मीच मांडला. सरकारला गृहभेटी नकोत ना, मग आजपासून आपणही जायचं नाही. टाळ्या पडल्या. आपले अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, बाई. स्वतःच्या नोकरीची वर्षं संपत आली होती, तरी आमच्यासाठी वणवण करत होते. पण त्या दिवशी ते म्हणाले, "निवेदनांनी काही हलत नाही. एक घटना घडू दे कुठेतरी. मग पेपरवालेही येतील आणि मंत्रालयातूनही फोन येईल." मग आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तेव्हा माझ्याकडे नेऱ्याकडचा एक माणूस होता. फार्महाऊसवर राखणदार, तिथेच मागच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. रागाच्या भरात त्याने तिच्या हातावर कोयता मारला होता, आणि कोर्टात तिनेच हात जोडून त्याला सोडवलं होतं. अंगठ्याला यायचा तेव्हा ती बरोबर यायची, पायरीवर बसून राहायची, मला बघितलं की पदर सारखा करून हसायची. एका सोमवारी तो एकटाच आला. मी विचारलं तर म्हणाला, कामावर गेलीय. पुढच्या सोमवारी म्हणाला, ताप हाय. त्याच्या पुढच्या सोमवारी म्हणाला, माहेरी गेलीय. प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागला. प्रत्येक वेळी तो मशीनला नमस्कार केल्यासारखा वाकून निघून गेला, आणि मी खिडकीतून त्याची पाठ बघत राहिले. मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "लक्ष ठेवा, पण जाऊ नका. तुम्हीच गेलात तर बहिष्कार मोडला. आणि उद्या काही झालंच, तर..." उरलेलं वाक्य मला कळलं, आणि मी फोन ठेवला.

शेवटी मी गेलेच. कुणाला न सांगता, तुमची पिशवी घेऊन, वर मेथी ठेवून. सहा सीटर रिक्षातून थोडं अलीकडेच उतरते आणि चालायला लागते. दोन्ही बाजूंना फार्महाऊसची बंद फाटकं, आत कुणी नसलेले निळे तलाव, डोंगराखाली दुपारचं चिटपाखरू नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. मी चालता चालता तिला विहिरीत बघते, खोलीत बघते, झाडाखाली नव्या उकरलेल्या मातीकडेसुद्धा दोनदा बघते. फाटकातून आत शिरते तर मागच्या बाजूने आवाज येतोय, कोयत्याचा. तो लाकडं फोडतोय. मला बघून थांबतो, कोयता हातातच. "मॅडम, तुमी कशाला आलात? आता मशीन हाय ना." मी म्हणते, इकडे आले होते, पाणी दे जरा. तो माझ्याकडे बघतो, खोलीच्या दाराकडे बघतो, कोयता ओंडक्यात रोवतो आणि स्वतः आत जायला निघतो. हलायचं नाही, एवढंच डोक्यात.

आणि दारातून ती येते. हातात तांब्या. वाळलीय, गाल बसलेत, पण चालतेय नीट. "हिवताप झालेला मॅडम. तापातच कामाला जात व्हते, मंग पडले. आयकडं जाऊन ऱ्हायले, कालच आले." म्हणजे तो तिन्ही वेळा खरं बोलला होता. मी तिचे हात बघते. जुना वण, त्यापलीकडे काही नाही. चुलीवर भात रटरटतोय. ती मेथी बघून म्हणते, "भाजी कशाला आणली? आमी लावलीय की मागं." तोही हसतो. मी पाणी पिते. निघताना ती वळणापर्यंत सोडायला येते आणि तो ऐकू येणार नाही इतक्या लांब आल्यावर म्हणते, "येत जा मॅडम. तुमी येनार म्हनून सांजच्याला तो नीट ऱ्हातो. मशीन काय, मशीन पनवेललाच ऱ्हातं." मी म्हणते, येते पुढच्या महिन्यात.

मी गेले नाही. बहिष्कार लांबला, मग मागे घेतला, तोवर माझी अलिबागला टेबलावर बदली झाली होती. आपल्या जागा भरायच्या थांबल्या त्या थांबल्याच. मशीनही पुढे बंद पडलं, आता त्याच्या खिळ्याला शिपाई छत्री अडकवतो म्हणे. तिचं काय झालं मला माहीत नाही. पनवेलच्या स्टँडवर कधी पदर सारखा करणारी एखादी बाई दिसली की मी आधी तिच्या हाताकडे बघते. कुठल्या पेपरात नेऱ्याचं नाव आलं की बातमी पूर्ण वाचायला मला धीर होत नाही, कुणाकडून तरी वाचून घेते.

हे तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नसतं, म्हणून लिहितेय, आणि हा कागद कुठे जाणार नाही हेही बरंच आहे. ती तांब्या घेऊन दारात आली, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? वाटलं, पण नंतर. आधी काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटलं. परतीच्या सहा सीटरमध्ये बसले होते, तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. काळजीनेच विचारत होते, "त्या नेऱ्याच्या बाईचं काही कळलं का हो?" ती बरी आहे, मी आत्ताच तिच्या हातचं पाणी पिऊन आले, हे माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "अजून काही नाही."