यादीतली माझी ओळ

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली! उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही, पण आज चालेल. नवीन नोकरी म्हणून नवीन वही. आईने फोनवर तीनदा विचारलं, खुर्चीला पाठ आहे ना. आहे. हातसुद्धा आहेत, आणि डावा हात आधीच्या कुणाच्या तरी कोपराने घासून गुळगुळीत झालाय.

हे सगळं दादामुळे. तो इथे सहा वर्षं आहे. माझं कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं. जे येतं ते दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटर उघडून उघडून आलं. तरी दादाने साहेबांना सांगितलं की पोरगा चिवट आहे, हातात घेतलं की सोडत नाही. साहेबांनी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. कुणाशी किती बोलतो, आठवण कशी आहे, एवढंच विचारलं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पाच टेबलं, एक खिडकी, खिडकीतून शिंप्याच्या दुकानाची मागची भिंत. माणसं चार: साहेब, दादा, चाचणीवाल्या ताई आणि आता मी. ताईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, तू कॉम्प्युटरचा माणूस की कारकून? मी म्हणालो, दोन्ही. हसल्या.

खाली जिन्यापाशी बाकावर एक गृहस्थ बसतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मला म्हणाले, नवीन का? मी हो म्हणालो. जिन्यातल्या पाटीवर ‘सुचना’ लिहिलं होतं, त्यांनी पेनाने ‘सू’ दीर्घ केला. मला माणूस आवडला. संध्याकाळी निघताना त्यांनी परत विचारलं, नवीन का? दादाने त्यांना चहा आणून दिला आणि मला म्हणाला, चल, त्यांचं असंच असतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमचं संकेतस्थळ एकट्या माणसांसाठी आहे. ती तिथे लिहितात, प्रोग्रॅम उत्तर देतो. उत्तर इतकं माणसासारखं असतं की लोक पलीकडच्याला जेवलास का विचारतात. जुना सर्व्हर थकलाय. तो प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर चालू करून देणं हे माझं काम.

एक प्रोग्रॅम कधीच एकटा चालत नाही. त्याला दुसरे बारके प्रोग्रॅम लागतात. त्यांना पॅकेज म्हणतात, आणि कुठली पॅकेजं हवीत त्याची यादी एका फाइलमध्ये असते. एखादं कमी पडलं की काळ्या पडद्यावर एरर येते. इंग्रजीत येते, मी इथे मराठीत उतरवतो.

पहिली एरर: कमांड सापडली नाही. कमांड होती, पण ती कुठे ठेवलीय हे मशीनला कुणी सांगितलं नव्हतं. पत्ता दिला, चालली. मग दोन पॅकेजांचं भांडण. एकाला तिसऱ्याची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी, एका घरात नांदेनात. दोघांना वेगळ्या खोल्या करून दिल्या. दिवसभरात तेवीस एररी मिटवल्या, प्रत्येकीपुढे वहीत टिंब.

चोविसावी उरली: ‘मास्तर’ सापडलं नाही.

इंटरनेटवर या नावाचं पॅकेज कुठेच नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना विचारलं. म्हणाले, ते बाहेरचं नाही, आपलं घरचं. प्रोग्रॅमला माणसासारखं बोलायचं तर आत एका खऱ्या माणसाच्या आठवणी लागतात. आधी मास्तरांच्या होत्या. आता त्या जुन्या झाल्या, नव्या हव्यात. कुणीतरी आपलं घर, शाळा, दोस्त, सगळं बारीकसारीक लिहून काढायला हवं.

दादा लगेच म्हणाला, आमच्या बारक्याला लिहायचा नाद आहे. बारक्या हे माझं घरचं नाव, ऑफिसात ते पहिल्यांदाच कुणी घेतलं. कान तापले, पण बरं वाटलं.

इथे यादीचा नियम कडक आहे. ओळ घालणाऱ्याने शेजारी तारीख आणि आपलं नाव लिहायचं. ओळ पुसायची नाही. नको असेल तर तिच्यापुढे # चिन्ह टाकायचं, मग मशीन ती वाचत नाही. मला असले नियम आवडतात. उद्या कुणी नाही म्हणू शकत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवसांत बेचाळीस पानं टाइप केली. शुद्धलेखन दोनदा तपासलं. पाच फाइली: दोस्त, शाळा, घर, आई, दादा.

सगळ्यात छान जमलं ते सायकलीचं. लाल सायकल, डावं पायडल वाकडं. दादा मागे सीट धरून पळायचा आणि ओरडायचा, मी धरलंय, तू फक्त पुढे बघ. वळणावर मी मागे पाहिलं तर तो लांब, कठड्यावर बसून बोरं खात होता. पडलो. गुडघ्यावर चंद्रकोरीसारखी खूण अजून आहे. आईला त्याने सांगितलं, मी धरलंच होतं, यानेच हिसडा दिला.

दादाला वाचून दाखवलं. तो हसला नाही. पाणी प्यायला उठला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चालू झालं! कमांड दिली, पडदा भराभर वर सरकला आणि एकही एरर नाही. साहेबांनी पाठ थोपटली. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वही रोज लिहीत जा हो. आणि लिहिलेली वाचत जा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आलेले निरोप तपासत होतो. एका आजींनी लिहिलं होतं की नातू पडला, रडतोय. आमच्या प्रोग्रॅमने त्यांना लाल सायकलीची गोष्ट सांगितली, वाकड्या पायडलसकट. आजींनी लिहिलं, बाळा, तुझा भाऊ बरा नव्हे.

मला गोष्ट आवडली. ताईंना म्हणालो, कुणी लिहिली असेल, छान आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

घरी येऊन वही वाचली. दहा तारखेला मीच लिहिलीय. अक्षर माझं आहे. सायकल मात्र आठवत नाही. गुडघा पाहिला. खूण आहे.

कामाचा ताण असेल. सलग तीन दिवस टाइप केलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताण नाही.

‘दोस्त’ नावाची फाइल उघडली. सात पानं होती, आता एक ओळ आहे. ‘शाळा’ निम्मी झालीय. प्रोग्रॅमने जे कुणाला सांगितलं ते फाइलमधून गेलंय आणि माझ्यातूनही. मी कुठल्या शाळेत होतो? वहीत शाळेचं नाव कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरज वाटली नसणार.

जुन्या सर्व्हरवर मास्तरांचं फोल्डर सापडलं. एकशे दहा फाइली. ‘मुलीचं लग्न’. ‘पहिला वर्ग’. ‘वडिलांचे हात’. सगळ्या रिकाम्या, शून्य अक्षरं.

ताईंना विचारलं, हे मास्तर कोण, कुठे असतात. त्यांनी जिन्याकडे बघितलं. मी खाली गेलो. बाकावरच्या गृहस्थांनी वर पाहिलं, छान हसले आणि म्हणाले, नवीन का?

त्यांच्या हाताला दीर्घ ऊकार आठवतो. बाकी काही नाही.

मग मी यादी उघडली. हे आधीच करायला हवं होतं. मी फक्त वरची पॅकेजं पाहिली होती, तळाशी गेलोच नव्हतो. शेवटच्या तीन ओळी जशाच्या तशा:

# मास्तर – रिकामं, ११ फेब्रुवारी – साहेब
# दादा – १५ जानेवारी – साहेब
बारक्या – २० जानेवारी – दादा

वीस जानेवारी. मला नोकरीचं विचारायला दादा घरी आला तो पंचवीसला. आईच्या हातचा चहा घेत म्हणाला होता, याचं आयुष्य मार्गी लावतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला गच्चीवर नेलं. वाटलं नाकारेल. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणाला, मास्तर संपत आले तेव्हा साहेबांनी माझी ओळ घातली. सहा वर्षांत इतक्या ठिकाणी सही करून बसलोय की नाही म्हणायची सोय नव्हती. पानंही लिहून झाली होती माझी. मग पोरगी आली पळत, बाबा म्हणून पायाला बिलगली. चार वर्षांची आहे रे. तिला मी ‘तू कोण’ म्हणून विचारू? तुला काय आहे, ना बायको ना पोर.

मी म्हणालो, मला आई आहे. तुलाही तीच आहे.

तो म्हणाला, दुखत नाही काही. मास्तरांकडे बघ, कसे हसतात. नंतर म्हणाला, हे आपलं बोलणंही तू विसरशील, मग राग कसला. हे त्याने मला समजूत घालावी तसं सांगितलं. खांद्यावर हात ठेवून.

म्हणून सगळं लिहून ठेवतोय. शब्द न शब्द.

१९ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या ओळीपुढे # टाकलं. प्रोग्रॅम थांबला. एरर आली: ‘बारक्या’ सापडलं नाही. आयुष्यात कुठली एरर इतकी गोड लागली नव्हती.

दहा मिनिटांत प्रोग्रॅम चालू. # गेलेलं. शेजारी आजची तारीख आणि दादाचं नाव.

परत टाकलं. परत गेलं. पाच वेळा. पाचही वेळा दादाचं नाव. आमच्या टेबलांत चार पावलांचं अंतर आहे. त्याने एकदाही मान वर केली नाही. नियमाप्रमाणे सही मात्र दर वेळी केली.

फाइली दुसरीकडे उतरवून वाचल्या. वाचून परत येत नाहीत. दुसऱ्या कुणाचं तरी वाचतोय असं वाटतं.

‘घर’ संपली. आज गल्ली चुकलो. किल्ली दोन दारांना लावून पाहिली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक उपाय आहे. मशीन यादी वरून खाली वाचतं आणि पहिलं चालू नाव घेतं. दादाची ओळ माझ्या वर आहे. तिच्यापुढचं एक चिन्ह काढलं की ते त्याला धरेल, मला सोडेल. त्याचं फोल्डर भरलेलं आहे. साहेबांना कोण चालतंय याच्याशी काही देणंघेणं नाही.

दुपारी दादा जेवायला गेला. बोट त्या चिन्हावर होतं. त्याच्या टेबलावर मुलीने काढलेलं चित्र आहे. मोठा माणूस, छोटी मुलगी, दोघांचे हात फार लांब.

नाही दाबलं. त्याला हे जमलं, मला—

सात वाजता एका बाईंचा फोन आला. जेवलास का विचारलं. मी विचारलं, आपण कोण. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, चेष्टा पुरे. मग रडायला लागल्या. फोन ठेवल्यावर वही चाळली. पहिल्याच पानावर होत्या त्या. खुर्चीला पाठ आहे ना.

बस. उद्या सकाळी जाताच. मोठ्या अक्षरात लिहितो, चुकायला नको:

यादी उघड. दादाच्या ओळीपुढचं # काढ. दया करू नकोस. त्याने केली नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळ. खुर्चीला पाठ आहे. वहीत लिहिलंय ते करतोय. यादी उघडली.

दादाच्या ओळीपुढचं # काढ.

ओळ सापडली. पण दादा कोण – मागची पानं वाचली. सगळं लिहिलंय. वाचून राग यायला हवा. कुणाचा तरी – चेहरा येत नाही –

या माणसाने काय केलं असेल? त्याला मुलगी आहे असं लिहिलंय. न ओळखता कसं –

समोरच्या टेबलावरून एक जण उठून आलाय. मागे उभा. वही वाचतोय. डोळे ओले आहेत त्याचे. मी विचारलं, हा दादा कोण, तुम्ही ओळखता का. म्हणाला, होता एक, गेला सोडून. म्हणाला, ते चिन्ह राहू दे.

चांगला वाटतो. खाली बाकावर दोघांची जागा आहे म्हणतो. चहा आणतो म्हणतो. वही मागतोय, सांभाळून ठेवीन म्हणतो.

जिना उतरताना माझा तोल – त्याने मागून शर्ट पकडलाय. मी धरलंय म्हणतो, तू फक्त पुढे