बेचाळीस मिनिटांचा अहवाल

१४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा आखडत्या हाताने. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, डोळ्यांत थेंब घालून घ्यायला ती अजून कां कू करते आणि तू फोन का करत नाहीस ते दिवसातून दोनदा मला विचारते, जणू मीच तुझी जीभ धरून बसले आहे. माझं लिफ्टचं काम चालू आहे. गेल्या आठवड्यात एका नऊमजली इमारतीचं अख्खं पॅनेल बदललं. आपलं जुनं मशीनही ठीक आहे.

झाली खुशाली. आता मुद्द्याचं.

तुझी नोटीस वाचली. प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर, साऱ्या जगासमोर टाकलेली. ‘सदर प्रोसेसरच्या पोर्टचे चाचणी अहवाल मागील दोन आवृत्त्यांसाठी प्राप्त झालेले नाहीत. संबंधित देखभालकर्त्यांनी महिनाअखेरपर्यंत खुलासा न केल्यास पोर्ट लायब्ररीतून वगळण्यात येईल.’ संबंधित देखभालकर्ते! अरे गाढवा, संबंधित म्हणजे मी. तुझी सायकल मागून धरून धावायची ती मी. प्रकल्पाचा प्रमुख झालास म्हणून सख्ख्या बहिणीला सरकारी भाषेत हाकलतोस? लिस्टवर उत्तर लिहायला बसले होते, पण तोंडातून जे निघालं असतं ते परक्यांनी वाचावं असं नव्हतं. म्हणून हा कागद.

तुला आठवत नसेल तर सांगते. बाबांच्या कारखान्यातून भंगारात निघालेली ती दोन मशिनं आपण हातगाडीवर घालून आणली होती. त्यांच्या प्रोसेसरवर ही लायब्ररी, म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात तो कोड, चालत नव्हती. तू म्हणालास, “ताई, आपण चालवू.” दीड वर्ष जेवणाच्या टेबलावर मशीन होतं आणि आपण जमिनीवर जेवलो. त्यातून हे पोर्ट, त्या प्रोसेसरपुरतं लायब्ररीचं रूप, उभं राहिलं. पुढे तू मोठा झालास, मोठ्या प्रोसेसरांचा झालास, आणि हे जुनं लोढणं माझ्या गळ्यात राहिलं. बारा वर्षं सांभाळलं. कुणी पाठ थोपटावी म्हणून नाही.

‘आता हा प्रोसेसर वापरतं कोण?’ असं तुझ्या एका शहाण्याने नोटिशीखाली विचारलंय. कोण वापरतं ते तुला चांगलं माहीत आहे. अंधशाळेचा ब्रेल छापखाना वापरतो. तिथल्या मास्तरांना मी एकदा समजावून सांगितलं होतं, की तुमच्या छपाईच्या प्रोग्रामला साधी एक ओळ कागदावर पाठवायची तरी तो या लायब्ररीकडे हात पसरतो, आणि लायब्ररी तुमच्या जुन्या यंत्राला समजेल असं बोलते ती मी आणि माझ्या भावाने शिकवलं म्हणून. मास्तर म्हणाले, “म्हणजे बाई, तुम्ही आहात तोवर आम्ही आहोत.” मी मान डोलावली. त्यांना दिसत नाही हेही विसरले.

आणि तू म्हणतोस, अहवाल प्राप्त झाले नाहीत. दोन अहवाल पाठवलेत मी! एक फेब्रुवारीत, एक ऑगस्टमध्ये. दोन्ही तुझ्या नावाने. ते काय वाऱ्याने उडाले? वाचले नसशील तर आळशी आहेस, आणि वाचून नाही म्हणत असशील तर खोटारडा आहेस. गेले चार दिवस मी घरात हेच बडबडत फिरते आहे. काल आई कंटाळून म्हणाली, “अगं, त्याने चूक केली असेल तर तू एवढी का थरथरतेस?”

त्याचं उत्तर तिला नाही, तुला देते.

मशीन ठीक नाही. जानेवारीतच त्याचा बोर्ड जळाला. खोलीत आठवडाभर वास होता. आईला सांगितलं, इस्त्री चालू राहिली होती. बोर्ड कुठे मिळेना. आवृत्तीची तारीख तोंडावर आली. मग लॅपटॉपवर एम्युलेटर लावला, त्या नकली प्रोसेसरवर चाचण्या चालवल्या आणि खाली लिहिलं, ‘प्रत्यक्ष यंत्रावर तपासले.’ ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तर हातही अडखळला नाही. मशीन मेलं म्हटलं असतं तर तुम्ही पोर्ट काढलं असतं, मग माझ्याकडे तुमच्यातलं काय उरलं असतं?

आपल्या मशीनवर त्या चाचण्यांना अकरा तास लागायचे. माझ्या अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, बेचाळीस मिनिटं. ती ओळ काढायची राहिली. तुझ्या नजरेतून ती सुटलेली नाही हे मला नोटीस वाचली त्याच क्षणी कळलं होतं. लिस्टवर ‘ताईने खोटा अहवाल दिला’ असं लिहिण्याऐवजी ‘प्राप्त झाला नाही’ लिहून तू मला झाकलंस. आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कुणी सांगितलं होतं झाकायला? एक फोन करून चार शिव्या घालता आल्या नाहीत?

आणि तेवढ्यावर भागलेलं नाही. फेब्रुवारीत मी पोर्टमधल्या कुलपाचा कोड बदलला होता. दोन कामांनी एकाच वेळी एकाच ओळीत हात घालू नये म्हणून असतं ते कुलूप. एम्युलेटर कामं आळीपाळीने करतो, तिथे सगळं पास. खऱ्या यंत्रावर ती खरोखर एकदम चालतात. गेल्या सोमवारी मास्तरांचा फोन आला. विज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ दोनदा उमटते आणि पुढची गायब होते. ते वर्गातल्या एका मुलीच्या बोटांना सापडलं. पुस्तकं वाटून झाली होती. मास्तर बिचारे म्हणाले, “आमचंच यंत्र म्हातारं झालं असेल, बाई.” मी म्हटलं, “बघते.” बघते! याहून जास्त बोलायची हिंमत झाली नाही.

दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा मी स्वतः चढते, हे तू कॉलेजात असताना कौतुकाने मित्रांना सांगायचास. या वेळी मी खाली उभी राहिले आणि पोरांना चढवलं.

तेव्हा नीट ऐक. आज संध्याकाळी लिस्टवर मी सगळं लिहिणार आहे. बोर्ड, एम्युलेटर, दोन्ही अहवाल, पुस्तकं. मास्तरांना त्याआधी फोन करीन. मला वाचवायला मध्ये पडलास तर याद राख. कुलपाची दुरुस्ती लिहून तयार आहे, पण तपासल्याशिवाय ती कुणालाही देणार नाही. आपल्या त्या दोनांतलं दुसरं मशीन तुझ्याकडे आहे. तुझ्या बायकोने पाठवलेल्या फोटोत दिसलं, त्यावर कुंडी ठेवली आहेस. ती काढ आणि मशीन घेऊन ये. कुरियरने पाठवू नकोस, फोडतील. चाचण्या पास झाल्या की दुरुस्ती छापखान्यात जाईल. त्यानंतर पोर्ट ठेवायचं की काढायचं ते तुम्ही सगळे ठरवा, मी एका शब्दाने भांडणार नाही.

जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवते. अकरा तास लागतील. या वेळी शेवटच्या ओळीवर तुझी सही हवी. माझ्या एकटीच्या सहीवर मास्तरांनी आता का विश्वास ठेवावा?

तुझ्यावर अजून चिडलेली, आणि आता कारण माहीत असलेली,
ताई