जपानच्या संसदेत माझी एकोणीस पत्रं

फुनाबोरी, टोकियो
मंगळवार, दुपारचे तीन

राजीवराव यांस,

उदय पेंढरकराचा समुद्रापलीकडून कडकडून नमस्कार. आधी खुर्ची ओढून बसा, चष्मा पुसा आणि सुचेतावहिनींनाही बोलवा, कारण हे पत्र दोघांनी मिळून वाचण्याजोगं आहे. तुमची शुगर आटोक्यात असेल असं धरून चालतो (नसेल तर पुढची बातमी वाचून तुम्ही पेढे आणायला पळाल, म्हणूनच वहिनी शेजारी हव्यात). माझा गुडघा ठीक आहे, केतकी आणि जावईबापू पुष्कर मजेत आहेत, नात मैत्रेयी तीन वर्षांची झाली आणि मी काहीही म्हटलं की "इया" म्हणते, म्हणजे "नको". असो. तर बातमी अशी की आज सकाळी जपानच्या संसदेत माझी पत्रं वाचली गेली. माझी! आपल्या ग्राहक मंचाच्या माजी अध्यक्षाची! अहो, तीस वर्षं आपण पुण्यात घसा फोडला, तर कुणी बसायला खुर्ची दिली नाही, आणि इथे खुद्द मंत्री माझ्या अक्षराकडे बघून मान खाली घालून उभा होता. 

पहिल्यापासून सांगतो. कल्पना गेल्यावर केतकी मला इथे घेऊन आली, हे तुम्हाला माहीतच आहे. पोरगी जिवाला जपते, पण सकाळी सातला तिघंही घराबाहेर पडतात ते संध्याकाळीच उगवतात, आणि मधले बारा तास मी आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यात हा देश असा विचित्र की तक्रारीला जागाच नाही! बस वेळेवर, वजन बरोबर, सरकता जिना बंद असेल तर त्याच्यापुढे माफीची पाटी. पहिले दोन महिने मी पिशवीत आपला स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन हिंडलो (भाजीवाल्याला वाटलं मी तो विकायला आणलाय), पण एक ग्रॅम म्हणून कमी भरेल तर शपथ. राजीवराव, तुम्हाला म्हणून सांगतो, मला अगदी निवृत्त झाल्यासारखं वाटायला लागलं होतं. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा नव्हतं वाटलं.

आणि मग संकष्टीच्या दिवशी देव पावला. इथे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या मिळतात, त्यांना सेनबे म्हणतात. पुष्करने आणलेलं त्यांचं एक पाकीट आदल्या दिवशी मी संपवलं होतं. तळाशी एक छोटी पुडी निघाली. आत पांढरे, पारदर्शक, गोल दाणे. मला वाटलं, काय माणसं आहेत, सोबत मूठभर साबुदाणा फुकट देतात! दुसऱ्या दिवशी उपास, घरात कुणी नाही. मी ते दाणे वाटीत घेऊन वर पाणी घातलं. आणि अहो, साबुदाणा तडतडायला लागला! फोडणी नाही, गॅस नाही, नुसत्या गार पाण्यात चट् चट् चट्. मी वाटी ओट्यावर ठेवून थेट गॅलरीत जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी केतकीने सांगितलं की ती चकत्या सादळू नयेत म्हणून घातलेली पुडी, खाण्याची नव्हे. पुडीवर तसं लिहिलंही होतं, पण जपानीत. इंग्रजीत होतं ते इतक्या बारीक टायपात की मुंगीलाही भिंग लागावं. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता आणि ग्राहकाचा माहितीचा हक्क, तिन्ही एका पुडीत! मी त्याच बैठकीत इंग्रजीतून सहा पानी अर्ज लिहिला, महत्त्वाच्या वाक्यांखाली लाल शाईने दोन दोन रेघा मारल्या आणि कंपनीच्या पत्त्यावर धाडला.

आता आपला अनुभव काय? तीन स्मरणपत्रं, एक वकिली दम, तेव्हा कुठे ओळभर उत्तर. इथे चौथ्या दिवशी उत्तर हजर! तेही इवामोतो-सान (सान म्हणजे आपलं राव किंवा ताई) नावाच्या बाईंच्या सहीचं, दोन पानी, वर सेनबेचा एक डबा भेट. चूक पूर्णपणे आमची, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व, पुढच्या छपाईत अक्षर मोठं करू. झालं! मी बाह्या सरसावून उभा, आणि समोरचा वाकून नमस्कार करतोय. लढायचं कुणाशी? पण पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं, थंडी वाढते आहे, प्रकृतीस जपावे. असं लिहिल्यावर उत्तर न देणं बरं दिसेना, म्हणून मी गुडघ्याचा पूर्ण इतिहास कळवला, आणि नुसत्या गुडघ्यासाठी कंपनीला पत्र कसं लिहायचं म्हणून जोडीला एक तक्रारही घातली (पाकिटावरच्या चित्रातल्या चकतीवर तीळ सव्वीस, आतल्या चकतीवर एकोणीस). त्याचंही उत्तर आलं, डबाही आला. मग काय, मी सुटलोच. पाकीट फाडताना होणारा आवाज, चकतीचा आवाज, चकती चहात बुडवली असता तिचं वागणं, प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र पत्र. पाच महिन्यांत एकोणीस पत्रं झाली! पुष्करच्या ऑफिसात सगळे सेनबे खाऊन कंटाळले, पण इवामोतो-सान प्रत्येक वेळी नव्याने दिलगीर.

दीड महिन्यापूर्वी आमच्या टपालपेटीत एक पत्रक पडलं. फोटोत कुरेबायाशी-सान नावाच्या खासदारबाई, इथल्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे आपल्या राज्यसभेसारखं. मोबाइल पत्रकावर धरला की तो भाषांतर करतो. त्यात उमटलं, "आरोग्य, सुरक्षितता व ग्राहक या प्रश्नांवर संसदेत आवाज उठवणार". अहो, मला तर पत्रकातून बाई मलाच बोलावत आहेत असं वाटलं! लगेच एकोणीस पत्रं, सगळी उत्तरं, अनुक्रमणिका आणि पुडीचा रंगीत फोटो अशी फाइल बांधली आणि त्यांच्या कार्यालयात पाठवून दिली. आठवड्याभरात तिथून इंग्रजीत पत्र आलं, की आपला पत्रव्यवहार अत्यंत मोलाचा असून नाव झाकून तो समितीपुढे ठेवण्यास आपली संमती आहे काय. संमती? मी नाव झाकू नका म्हणून वेगळं कळवलं! केतकीला काही बोललो नाही. म्हटलं, एकदम दाखवू.

आज सकाळी दहाला समितीचं कामकाज संसदेच्या वेबसाइटवर थेट दिसणार होतं. मी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, शिरा करून लॅपटॉपसमोर बसलो. अकरा वाजता बाई उठल्या. काय बाई, काय आवाज! शब्द एक कळत नव्हता, पण तळमळ भाषेवाचून कळते. मग त्यांनी एक मोठा फलक उचलला आणि त्यावर, राजीवराव, माझं अक्षर! तिसऱ्या पत्राचं पहिलं पान, लाल रेघांसकट (नाव मात्र झाकलंच होतं, नियम असेल). दुसऱ्या फलकावर नुसता आकडा, १९. सगळ्या सभासदांनी माना हलवल्या, एकाने तर डोक्याला हात लावला. शेवटी बाईंनी दोन्ही फलक मंत्र्यांकडे वळवले, आणि मंत्रिमहोदय उठून गंभीरपणे बराच वेळ बोलले आणि वाकले. मी खुर्चीवरून उठून एकटाच टाळ्या वाजवल्या आणि लॅपटॉपला वाकून नमस्कार केला. वाटलं, आज कल्पना असती तर म्हणाली असती, "पुरे, आता शिरा खा". तोही मग दोन वाट्या खाल्ला.

बाकी सविस्तर फोनवर. वहिनींना नमस्कार, मंचातल्या सर्वांना माझी आठवण सांगा.

तुमचा,
उदय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या महिन्यात मंचाची वार्षिक सभा आहे, तिथे हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा. विभाताई अध्यक्ष झाल्या तेव्हा "उदयरावांनी आता विश्रांती घ्यावी" असं म्हणाल्या होत्या. त्या पुढच्या रांगेत असतील असं बघा. वाचून झालं की अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवा. मी दोन महिन्यांत परत येऊ शकतो.

ता. क. २ (बुधवार सकाळ). सभेत वाचू नका. काल केतकी घरी आल्यावर तिला मोठ्या हौसेने ते कामकाज पुन्हा लावून दाखवलं. पाचव्या मिनिटाला तिने उठून लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही हे स्वतःहून पाठवलंत?" इथे म्हणे ग्राहकांकडून कर्मचाऱ्यांचा जो छळ होतो त्याला खास शब्द आहे, "कासुहारा", आणि त्यापासून कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं रक्षण व्हावं असा खासदारबाईंचा मुद्दा होता. मी त्यांचा सर्वांत सविस्तर पुरावा. पुडीबद्दलचं पहिलं पत्र रास्त होतं असंही त्या म्हणाल्या, हे केतकीने दोनदा सांगितलं. पण त्यांनी हेही सांगितलं की इवामोतो-सान दोन-अडीच महिन्यांपासून आजारपणाच्या रजेवर आहेत. माझ्या पत्रांना उत्तरं देऊन देऊन त्यांची झोप उडाली होती. शेवटची दोन उत्तरं दुसऱ्याच कुणाच्या सहीने आली होती. मला वाटलं होतं इवामोतो-सानना बढती मिळाली, मी तर अभिनंदनही कळवलं. राजीवराव, मला फार वाईट वाटतंय. पंधराव्या पत्रानंतर माझ्याकडे तक्रार उरलीच नव्हती. पण इथे टपालपेटीत माझ्या नावाचं दुसरं काही येत नाही हो.

ता. क. ३. एक काम कराच. मला इवामोतो-सानना माफीचं पत्र लिहायचंय. केतकी म्हणते एकच, एका पानाचं, आणि उत्तर नको असं स्पष्ट लिहून. काल तीन कागद फाडले, जमत नाही. सगळ्यांत शेवटी माझा एखादा मुद्दा येतोच. मंचाच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात कंपन्यांनी आपल्याला पाठवलेली माफीपत्रं आहेत. त्यांतलं मी "समाधानकारक" असा शेरा मारलेलं एखादं नमुन्यादाखल पाठवा. मी तसा शेरा कधीच मारला नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा बघा.