मागचा डावा स्पीकर

३ मार्च, मंगळवार

बाबांनी आज अर्धीच दाढी केली. उजवी बाजू गुळगुळीत, डावीकडे खुंट तसेच. आरसा समोर धरला तर म्हणाले, “झाली की.” आणि समाधानानं रेझर धुऊन ठेवला.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसलाय, त्यामुळे डावी बाजू गेली — हे डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. मला वाटलं, हातपाय. ते तर थोडे थोडे चालायला लागलेत. गेलीय ती डावी बाजूच! डोळे ठीक, कान ठीक, जीभ पूर्वीइतकीच तिखट, पण त्यांच्या लेखी डावीकडे काही नाहीच. ताटलीतलं उजवं अर्धं खातात आणि कुरकुरतात, हल्ली कमी वाढता. आई ताटली फिरवते. मग उरलेलं खातात.

५ मार्च, गुरुवार

फिजिओ आली होती. डावीकडूनच बोला, डावीकडेच बसा, म्हणाली. “मान वळवायला त्यांना काहीतरी कारण मिळालं पाहिजे.” एकदा आपणहून वळली की पुढचं सोपं जाईल. जितका उशीर तितकं अवघड, हेही म्हणाली — पण ते जिन्यात, मला एकटीला गाठून.

आई सोफ्यावर बाबांच्या डावीकडे बसते. लग्न झाल्यापासून तिची जागा तीच. आज तिथूनच तिनं विचारलं, “अहो, चहा टाकू?” बाबा उजवीकडच्या कपाटाकडे बघून म्हणाले, “टाक.” मग मला म्हणाले, “तुझी आई सारखी आतूनच बोलते. जरा बाहेर येऊन बसायला काय होतं तिला?”

आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. माझ्याकडे बघून हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च, रविवार

डोक्यात भुंगा शिरलाय. आमचं होम थिएटर!

बाबांचं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळात फळ्या कापून, चिकटवून त्यांनी स्वतः केलेले पाच स्पीकर अजून दिवाणखान्यात आहेत. त्यातला एक सोफ्याच्या मागे, बरोबर डावीकडे. फक्त त्यांना आवाज पुरवणारा डबा, म्हणजे रिसीव्हर, जुनापुराणा. दाबून, थोडा गाळून लहान केलेला आवाज तेवढा त्याला कळतो. लॉसलेस — म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये होता तसाच, काही न गाळलेला — तो त्याच्या बापालाही झेपणार नाही. नव्यावर मागचे आवाज म्हणे नेमके जागेवरून येतात. डावीकडे दार करकरलं, पाऊल वाजलं, तर बाबा वळतील?

खरं लिहायचं तर नवा रिसीव्हर मला चार वर्षांपासून हवाय. बाबांनीच मोडता घातला होता. शोरूममध्ये मला डोळे मिटायला लावून दोन्ही आवाज आलटून पालटून ऐकवले. “सांग, लॉसलेस कुठला?” दहापैकी पाच बरोबर आले. “नाणं उडवलं असतंस तरी एवढे आले असते. आधी स्पीकर जागेवर लाव, वायर नीट आवळ, मग आवाजाला नावं ठेव.” शोरूमवाल्यासमोर!

आता ते आजारी आहेत आणि मला निमित्त मिळालंय. असंच आहे का? लिहिताना लाज वाटली.

१० मार्च, मंगळवार

ऑफिसात काम बाजूला ठेवून इंटरनेटवर लॉसलेसवरून चाललेली लोकांची भांडणं वाचत बसले. एक म्हणतो, जमीन-अस्मानाचा फरक. दुसरा म्हणतो, सगळे मनाचे खेळ, त्यापेक्षा चांगले स्पीकर घ्या. एकानं शांतपणे लिहिलंय — स्पीकर चांगले आणि खोली नीट असेल तर थोडा फरक कळतो, फार नाही. त्याला कुणी उत्तरच दिलेलं नाही.

माणूस वळेल का, हे कुणीच लिहिलेलं नाही.

१४ मार्च, शनिवार

आणला!

वायरी मीच जोडल्या. बाबा उजवीकडच्या खिडकीकडे बघत उस्तादासारखे सूचना देत होते. “टोक सोललं की आधी पीळ दे. तारा विस्कटल्या की खरखर आलीच म्हणून समज.” चार जोडल्या तशाच, शिस्तीत. पाचवी मागच्या डाव्याची. तोवर कंबरेचे टाके ढिले झाले होते. हो हो म्हटलं आणि दिली खोचून.

१५ मार्च, रविवार

जंगलावरची एक फिल्म लावली. आवाज खरंच सुंदर. की महाग आहे म्हणून सुंदर? कोण जाणे.

मागे डावीकडे फांदी मोडली. मी दचकून वळले. आईनं तर कोण आलं म्हणून दाराकडे बघितलं. बाबा खिडकीकडे बघून म्हणाले, “मान्य. आवाज झकास आहे.”

“फांदी कुठे मोडली, बाबा?”

“ही काय, इथे.” बोट उजवीकडे.

अकरा वेळा तोच तुकडा लावला. बाराव्यांदा आईनंच रिमोट काढून घेतला.

१६ मार्च, सोमवार

नाही वळले.

१८ मार्च, बुधवार

आई भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, “मी उजवीकडे बसू का गं? निदान दिसेन तरी ह्यांना.”

मी म्हटलं, फिजिओ नको म्हणाली ना.

“बरं,” म्हणाली. आणि हात पुसून जाऊन बसली डावीकडे. बाबा तासभर त्यांच्या दुकानातल्या गमती सांगत होते, कपाटाला. ती हसायच्या जागी हसत होती. त्या सगळ्या गमती तिला पाठ आहेत. मी दारात उभी राहून बघत होते. मला काहीच करता येत नाही. हेच खरं आहे, बाकी नुसती धावपळ.

२१ मार्च, शनिवार

शोरूमवाल्याला फोन केला, परत घ्या म्हटलं. “लॉसलेस एकदा ऐकला की कुणी परत करत नाही, मॅडम.”

“ऐकताहेत की. वळत नाहीत.” मग सगळं सांगत बसले त्याला, काय गरज होती देव जाणे! त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “खोकं जपून ठेवलंय ना?”

खोकं पलंगाखाली आहे. सोमवारी नेऊन देणार.

दुपारी बाबा आत झोपले होते तेव्हा थोडा लावून बघितला. मागचा डावा अधूनमधून खरखरायला लागलाय. माझीच वायर. बाबा म्हणालेच होते. आता काढायचाच आहे, तर आवळू कशाला? आणि बाबांना बाहेर बोलावलंही नाही. कंटाळा आला मला आशेचा.

२२ मार्च, रविवार

जाता जाता बाबांना एकदा ऐकू दे, म्हणून लावला. पाचच मिनिटं झाली असतील, मागच्या डाव्यात खर्रर्र झालं. बाबांच्या कपाळावर आठी. पुन्हा खर्रर्र.

“पीळ दिला नाहीस ना?” म्हणाले आणि मान वळवली. डावीकडे. आपणहून.

स्पीकरपर्यंत पोचायच्या आधीच नजर मध्ये थांबली.

“अगं,” म्हणाले, “तू केव्हा आलीस?”

आई म्हणाली, “ही काय, आत्ताच.”