तांदळात लिहिलेलं नाव

अहो,

मी बँकेत चालले आहे. वरणभात कुकरमध्ये, ताक फ्रिजमध्ये. गोळी जेवल्यावर घ्या, आधी नाही.

लक्ष्मीबाई नगरच्या शाखेतलं माझं खातं बँकेने बंद केलंय. मंगळवारीच पत्र आलं. कारण काही दिलेलं नाही. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, सिस्टम का डिसीजन है." तुम्हाला बोलले नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "आपलं जॉइंट खातं आहे ना, मग ते कशाला?"

कशाला, ते सांगते. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीने 'अलका' लिहिलंत. मला कुणी विचारलं नव्हतं. ते खातं मात्र माझ्या पहिल्या नोकरीचं, सुमित्रा काणे या नावाचं. मी ते मुद्दाम बदललं नाही. आई-आप्पा गेल्यावर मला त्या नावाने हाक मारणारा बँकेचा काउंटरच तेवढा उरला होता. म्हणून दर महिन्याला पासबुक भरायला इथून, द्वारकेहून, मेट्रो बदलत जायची. तुम्हाला वाटायचं, आयएनए मार्केटला भाजीला जाते.

पैसे परत देतील हो. नाव कुठे ठेवलंय, ते विचारायचंय.

चारपर्यंत येईन. किल्ली नेलेली नाही. बेल वाजली की तुम्ही नेहमीसारखं आतून "कोण?" विचाराल. आज मी "सुमित्रा" म्हणणार आहे. "इथे अशी कुणी राहत नाही" म्हणू नका. दार उघडा.