पंधरा बाय दहाची पीएच.डी.

१ ऑगस्ट, पहाटे ५.१०
अलार्म एकदाच वाजला आणि उठलो. सुरुवात उत्तम.
रजिस्ट्रेशनची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. सहा वर्षं झाली, पण घाईतलं संशोधन टिकत नाही असं माझं पहिल्यापासून मत आहे. विषय बायोइन्फॉर्मेटिक्स. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅक रोगाच्या व्हायरसची कॉम्प्युटरवर तुलना. यादी केली. कोर्सवर्क: झालंय. दर सहा महिन्यांचे प्रगती अहवाल: गाइड मॅडमनी मागितले नाहीत तर झालेत. दोन पेपर: एक डोक्यात तयार. प्लेजरिझम सर्टिफिकेट. प्रबंध, पाच चॅप्टर: दीड तयार. शेवटी कमिटीसमोर सेमिनार. बस, एवढंच. ब्याण्णव दिवस आहेत. भागाकार केला, आरामात बसतं.

५.४०
यादीने डोकं थकलं. जरा पडतो.

४ ऑगस्ट
तीन दिवस लॅपटॉपच्या अपडेटमध्ये गेले. त्यात रिसोडच्या कॉलेजात तासिका (रोज दोन).
बाबा शेतातून सोयाबीनचं एक पान घेऊन आले. म्हणाले, पाय बरं, पिवयं पडून राह्यलं, एकडाव वावरात चाल. मी म्हटलं, बाबा, मी त्याच्यावरच काम करून राह्यलो, मले टाइम नाही. पान ठिपक्याठिपक्यांचं, छान होतं. या डायरीत खूण म्हणून ठेवलं.

१३ ऑगस्ट
पहिला चॅप्टर प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. ६१ टक्के! एम.एस्सी.ला ५८ होते.
नीलिमाला सांगितलं. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका असली की असं सांगायला बरं वाटतं. ती म्हणाली, अहो, तुमी उतरवलं किती त्याचे टक्के आहेत हे, दहाच्या आत पायजेत. मास्तरकीने माणूस संशयी होतो. तरी सगळीकडच्या इंग्रजी 'the'चे 'a' केले. ६० झाले. रोज एक टक्का म्हणजे पन्नास दिवस. जमतंय.

२२ ऑगस्ट
अनुपकडे गेलो. वर्गमित्र, रिसोडला फ्लेक्सचं दुकान. तो म्हणाला, तू ऑक्टोबरात डॉक्टर होशीन तवा माह्याकडं दिवाळीच्या शुभेच्छायची गर्दी, तुयं बोर्ड कोण छापन? आत्ताच छापून ठेव.
मुद्दा बिनतोड. फोटोसाठी त्याचाच कोट घातला. बाह्या आखूड, म्हणून हात मागे घेतले. मजकूर मीच सांगितला: 'डॉ. उत्कर्ष देवमनराव यांना पीएच.डी. पदवी प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार.' मित्रपरिवार म्हणजे अनुप. पंधरा फूट बाय दहा.
यादीत एक काम वाढवलं आणि लगेच खोडलं. या महिन्यात खोडलेलं पहिलं.

२५ ऑगस्ट
घरात एवढा बोर्ड उलगडायला जागा नाही. अक्षरं सरळ आहेत का बघायला काल फक्त एक तास एसटी स्टँडसमोर लावला. काढायला गेलो तर खाली बाबा उभे. बाजाराला आले होते. बराच वेळ वर बघत होते. मग चष्मा धोतराला पुसला आणि पुन्हा बघितलं.
सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही, खरं ते खरं. बोर्ड तसाच राहू दिला.
तसे सदुसष्ट दिवस आहेत. बोर्ड खोटा नाही, जरा लवकर आहे.

९ सप्टेंबर
गाव आता डॉक्टर म्हणतं. शेजारच्या धनीबाईंनी गुडघा दाखवला. म्हटलं, आजी, मी कॉम्प्युटरचा डॉक्टर. त्यांनी पिशवीतून बंद पडलेला मोबाइल काढला. तोही मला जमला नाही.

१८ सप्टेंबर, दुपारी १२.३०
वैजयंती मॅडमचा फोन. माझ्या गाइड, अकोल्याच्या. विद्यार्थ्यांना घेऊन लोणारला चालल्या होत्या. म्हणाल्या, अभिनंदन उत्कर्ष, रिसोडला तुझ्याच बोर्डाखाली चहा पितेय. गाइड मी आहे ना, मग मलाच कसं कळलं नाही?
मी म्हटलं, मॅडम, रेंज जातेय, मी वाशिमला आहे. त्या म्हणाल्या, रसवंतीच्या मागून बाहेर ये, दिसतोयस.
(बोर्ड वाऱ्याने फाटला तर नाही ना, हे बघायला रोज जावं लागतं.)
सेमिनार २९ ला ठेवला. एवढा बोर्ड लावलास, निदान त्याला शोभेल एवढं तरी दाखव, म्हणाल्या. विश्वास आहे त्यांचा माझ्यावर.

२९ सप्टेंबर, अकोला
स्लाइड चाळीस, त्यातल्या अकरा आभाराच्या. सुरुवात झकास. मग बाहेरून आलेल्या सरांनी एका पानाचा फोटो दाखवून विचारलं, हे काय आहे? ठिपक्याठिपक्यांचं पिवळं पान. मी म्हटलं, पाणी कमी पडलं असेल. मॅडमनी खाली बघितलं.
तोच माझा रोग होता. सहा वर्षांचा.
निर्णय: एक वर्षाची मुदतवाढ घ्या. आपल्या भागातल्या शेतांतून पानांचे नमुने आणा, पेपर छापा, मग पुन्हा सेमिनार. म्हणजे कमिटीला माझं काम अजून बघायचं आहे.

३० सप्टेंबर
बोर्ड उतरवून अनुपच्या दुकानात ठेवला. बाबांना सांगायचं राहिलं. ते सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या गडबडीत आहेत. नमुन्यांचं नियोजन पक्कं: आपल्याच वावरातून पन्नास पानं. सोमवारपासून.

६ ऑक्टोबर, सोमवार
वावरात गेलो. वावर मोकळं. सोयाबीन सोंगून ढीग घालून सुडी रचलेली, तीही गेल्या वर्षीच्या निम्मी. हिरवं-पिवळं एकही पान नाही. नमुना एकच शिल्लक आहे, या डायरीत, ४ ऑगस्टला.
आभाळ भरून आलं होतं. बाबा सुडी झाकत होते, बोर्डाने. अनुपकडून आणला, म्हणाले, ताडपत्री फाटली.
सांगून टाकलं. बाबा, मी डॉक्टर नाही झालो अजून.
ते म्हणाले, मले मालूम हाय. तुले पान देलं होतं ना? डॉक्टर झाला असता तं सांगतलं असतं त्याले काय झालं ते. त्या टोकाले धर.
मी धरलं. मग भलतंच विचारलं, बोर्ड उलटा कायले टाकला?
म्हणाले, पाण्यानं तुयं तोंड खराब होईन. पुढच्या साली हाच लावू.